व्हिलन्स सरोवरातील जीवसृष्टी

अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली शेकडो सरोवरे आहेत हे प्रथम वाचले, तेव्हा तिथले पाणी गोठत कसे नाही, या प्रश्नाने मला बरेच दिवस सोडले नाही. पृथ्वीच्या पोटातील उष्णता खालून झिरपत राहते, वरचा जाड बर्फ गोधडीसारखा ती कोंडून ठेवतो आणि त्याच बर्फाच्या भारामुळे पाण्याचा गोठणबिंदू शून्याच्या किंचित खाली उतरतो.

या सरोवरांपैकी पश्चिम अंटार्क्टिकातील व्हिलन्स सरोवर मला विशेष जवळचे वाटते. ते भरते आणि रिते होते, तसा वरचा बर्फ उचलला जातो आणि खचतो. ही हालचाल उपग्रहाच्या मोजमापांत दिसल्यामुळेच २००७ साली त्याचा पत्ता लागला. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकी संशोधकांनी सुमारे ८०० मीटर बर्फ गरम पाण्याच्या झोताने वितळवत तिथवर छिद्र पाडले. हाती लागलेले सरोवर जेमतेम दोन मीटर खोल होते.

त्यांनी पाळलेल्या स्वच्छतेबद्दल मला मनापासून आदर वाटतो. त्याआधीच्या वर्षी रशियन पथक व्होस्तोक सरोवरापर्यंत पोहोचले होते, पण तिथे छिद्र उघडे राखण्यासाठी केरोसीन वापरलेले असल्याने, नमुन्यात आढळलेले जीव सरोवराचे की केरोसीनबरोबर गेलेले, हा वाद मिटला नाही. व्हिलन्सवर मात्र झोताचे पाणी बारीक गाळण्यांतून काढले, अतिनील किरणांखालून नेले, तापवले आणि उपकरणे हायड्रोजन पेरॉक्साइडने पुसून घेतली. शिवाय झोताच्या पाण्यातील पेशींचीही तपासणी केली, म्हणजे तुलनेला आधार राहिला.

सरोवराच्या दर मिलिलिटर पाण्यात सुमारे १,३०,००० पेशी आढळल्या. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांत हजारो प्रकारचे जीवाणू आणि आर्किया (जीवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या वंशाचे एकपेशीय जीव) होते. प्रकाशसंश्लेषणाचा तिथे प्रश्नच नाही. एकेकाळी त्या जागी समुद्र होता, त्याच्या गाळातील जुने सेंद्रिय अवशेष कुजून अमोनिया सुटतो, काही सूक्ष्मजीव त्या अमोनियाचे ऑक्सिडीकरण करून ऊर्जा मिळवतात, आणि त्यातून तयार होणाऱ्या नायट्राइटवर दुसरे जगतात. मिळवलेल्या ऊर्जेवर ते पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचे शरीर घडवतात. सरोवर रिते होते, तेव्हा हे पाणी रॉस हिमफळीखालच्या, म्हणजे किनाऱ्याला जोडून समुद्रावर तरंगणाऱ्या जाड बर्फाखालच्या, काळोख्या समुद्राकडे वाहत जाते.