तुम्ही विचारलंत म्हणून: ४-८ की २-५?

लिमिट पोकर (ज्यात बेट, म्हणजे एका वेळी लावायचे पैसे, ठरलेल्या मर्यादेत असतात) खेळतो म्हटलं की हा प्रश्न येतोच: "४-८ खेळावं की २-५ स्प्रेड? नवशिक्याला पाचवालं बरं ना?" मला हे पटत नाही. टेबलावरचा आकडा सोडा. पहिल्या फेरीत पॉट (मधे जमलेले सगळ्यांचे पैसे) किती भरतो आणि त्याच्या मानाने पुढची बेट केवढी, हे बघा.

४-८ फिक्स्ड लिमिट होल्डेममध्ये (हातात दोन पत्ते, मधे सगळ्यांचे मिळून पाच) पहिल्या फेरीत आणि फ्लॉपवर, म्हणजे मधले तीन पत्ते उघडल्यावर, बेट चारचीच, टर्न-रिव्हरला, म्हणजे चौथ्या-पाचव्या पत्त्यावर, आठची. समजा पाच जण चार-चार डॉलर टाकून आत आले. पॉट २०. फ्लॉपवर एकाने चार लावले, मधले फोल्ड झाले, म्हणजे पत्ते टाकून बाहेर पडले. तुमच्या फ्लशला (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) एक पत्ता कमी आहे. २४ जिंकायला ४ द्यायचे, म्हणजे सहास एक. न दिसलेल्या ४७ पत्त्यांत कामाचे ९, म्हणजे सव्वाचारास एक मिळाला तरी पुरे. टर्नला बेट दुप्पट झाली तरी साडेचारास एक मिळतोच. समोरच्याला तुम्हाला हाकलताच येत नाही.

२-५ स्प्रेडमध्ये दोन ते पाच, हवं तेवढं लावा. मोठा ब्लाइंड (पत्ते बघण्याआधीच टाकावी लागणारी रक्कम) दोनचा. तेच पाच जण दोन-दोन टाकून आले तर पॉट १०. फ्लॉपवर एकाने पाच लावले की तुम्हाला मिळतो तीनास एक. फ्लश लागल्यावर तो टर्न आणि रिव्हर दोन्हीला पाच-पाच देणार असेल तरच हिशेब जुळतो. म्हणजे आधी माणूस ओळखता आला पाहिजे. शिवाय दोन लावणारा आणि पाच लावणारा, दोघेही आपल्या पत्त्यांबद्दल काहीतरी सांगून जातात. नवशिका तर फारच सांगतो!

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत हे नीट दिसलं. १९९१ मध्ये ब्लॅक हॉक, सेंट्रल सिटी आणि क्रिपल क्रीक या जुन्या खाणगावांत कॅसिनो सुरू झाले, तेव्हा एका बेटची कायदेशीर कमाल ५ डॉलर होती. २००९ मध्ये ती १०० झाली (२०२१ मध्ये ही मर्यादाही उठली). छोटे ब्लाइंड आणि शंभरपर्यंतची बेट असा स्प्रेड जवळजवळ नो-लिमिटच होतो, नावात लिमिट असलं तरी.

म्हणून नवशिक्याला मी ४-८ सांगतो. एका फेरीत एक बेट आणि तीन रेज (बेट वाढवणं) अशी नेहमीची मर्यादा असेल, तर चारही फेऱ्या पूर्ण चढल्या तरी एका डावात जास्तीत जास्त ९६ डॉलर जातात. तेवढे गेले तरी चालणार असेल तरच बसा.