चौतीस वर्षं वॅगन अडवल्या, एकसष्टाव्या वर्षी स्वतःच घरंगळलो

भुसावळच्या यार्डात मी चौतीस वर्षं सी अँड डब्ल्यूला काढली. कॅरेज अँड वॅगन. गाडी प्लॅटफॉर्मला लागताना कडेला उकिडवा बसून चाकांकडे टक लावून बघणारा माणूस तुम्ही पाहिला असेल, तो मी. चाक घासतंय का, स्प्रिंग तुटलीय का, एखादा पाइप लोंबकळतोय का, हे गाडी चालती असतानाच दिसतं. थांबली की हातोडी घेऊन चाकावर टणत्कार घ्यायचा आणि ॲक्सल बॉक्सला, म्हणजे चाकाच्या दांड्याचं टोक ज्यात फिरतं त्या पेटीला, उलटा हात लावायचा. तळहाताला घट्टे पडलेले असतात, त्याला गरम-थंड लवकर कळत नाही. उलट्या हाताला कळतं.

आमच्या धंद्यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे रोल डाऊन. उभी वॅगन आपणहून चालू पडणं. यार्डात 400 फुटांना एक फुटाहून जास्त उतार ठेवायचा नाही असा नियम आहे, पण रोलर बेअरिंग आल्यापासून रिकामी वॅगन तेवढ्यावरसुद्धा निघते. म्हणून हँडब्रेक, चाकाखाली लाकडी गुटके, वर साखळी आणि कुलूप. रात्री दोनला पावसात टॉर्च घेऊन कुलपं तपासायला गेलोय मी.

तर अशा माणसाला त्याच्या तेरा वर्षांच्या नातीनं फोनवर रोलरकोस्टरचा व्हिडिओ दाखवला. मी म्हटलं, "ह्याचं इंजिन कुठंय?"

"इंजिन नसतंच, नाना. चेननं वर नेतात आणि सोडून देतात."

सोडून देतात! आणि वर त्याचं तिकीट घेतात.

डिसेंबरच्या सुट्टीत खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कला जायचं ठरलं. मुलगा पुण्याहून परस्पर येणार होता. आम्ही भुसावळहून पाच जणं : मी, ही, सूनबाई, नात आणि आठ वर्षांचा नातू. मी डॉक्टरांकडे जाऊन बीपी मोजून घेतला, कारण तिथल्या सूचना नातीनं आधीच वाचून दाखवल्या होत्या. बीपी, हृदयविकार, पाठीचा त्रास, गरोदरपण असलं काही असेल तर मोठ्या राइडवर बसायचं नाही. बीपी निघाला 128-82. खरं सांगतो, मला थोडा जास्त निघाला असता तर बरं वाटलं असतं.

रात्रीच्या गाडीनं कल्याण, तिथून कर्जत आणि खोपोली लोकल. इगतपुरीला जाग आलीच. आता घाट उतरणार, 37 ला 1 चा उतार, ब्रेक नीट असतील ना, हा विचार निवृत्तीनंतरही सुटत नाही. बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणून हिनं बांधून आणलेलं भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या खोपोली स्टेशनच्या बाकावरच संपवल्या. खोपोलीला रेल्वे 1856 साली आली, भोर घाटातली 1863 ला सुरू झाली. मधली सात वर्षं लोक इथं उतरून पालखीनं, तट्टावर घाट चढायचे. हे मी सांगत होतो, पण ऐकायला फक्त समोरचं कुत्रं होतं आणि तेही पुरीसाठी.

आत गेल्यावर पोरांना सगळंच एकदम हवं होतं. मी मात्र नायट्रो नावाच्या रोलरकोस्टरच्या त्या तांबड्या सांगाड्याच्या खाली जाऊन उभा राहिलो. चाळीस मीटर उंच, ताशी 105 किलोमीटर वेग, पाच वेळा उलटं. एकेका रांगेत चार माणसं आणि पायाखाली फरशी नाही, पाय लोंबकळत. स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबिलार्ड कंपनीचं काम आहे हे. गाडी डोक्यावरून गेली तेव्हा मी सवयीनं उकिडवा बसलो. रोलिंग-इन एक्झामिनेशन, म्हणजे येत्या गाडीची तपासणी! शेजारून जाणाऱ्या एका बाईंनी सूनबाईला विचारलं, "काकांना चक्कर आलीय का?"

पण त्या बसण्यानं माझं काम झालं. आपलं रेल्वेचं चाक रुळावर नुसतं ठेवलेलं असतं. आतल्या बाजूला कड असते, ती धरून ठेवते, बाकी सगळा भरवसा वजनावर. इथं तसं नाही. रूळ म्हणजे जाड नळी आणि तिला तीन बाजूंनी चाकं : एक वरून, एक बाजूनं, एक खालून. गाडी उलटी झाली तरी चाक नळी सोडू शकत नाही. हे खालचं चाक जॉन मिलर नावाच्या अमेरिकन माणसानं 1919 साली पेटंट केलं. चाकांना रबरासारखं पॉलियुरेथेनचं आवरण, लोखंडावर लोखंड नाही. हातोडीनं टणत्कार निघायचा नाही, हे मात्र मला खटकलं.

रांगेत सव्वा तास गेला. तेवढ्यात नातूचं प्रकरण झालं. दाराशी उंची मोजायची पट्टी, तो तिच्याखाली दोन बोटं कमी भरला. टाचा उचलून पाहिल्या, केस वर ओढून पाहिले. तिथला पोरगा हसत होता, पण सोडलं नाही. मला तो पोरगा आवडला. नियम म्हणजे नियम. नातू रडत आजीकडे गेला आणि मुलगा त्याला घेऊन गोल्ड रश एक्स्प्रेसवर गेला. ती खाणीतल्या गाडीसारखी छोटी आहे.

अमेरिकेत तरी ह्या खेळाचं मूळ खाणीत आहे. पेनसिल्व्हेनियात मॉक चंक म्हणून गाव, तिथं 1827 पासून कोळशाच्या वॅगन डोंगरावरून उतारानं सोडायचे. रिकाम्या वॅगन वर ओढायला खेचरं, आणि ती खेचरं खाली येताना वॅगनमध्येच बसून यायची. पुढं माणसंही हौसेनं बसू लागली. मग 1884 मध्ये लामार्कस थॉम्पसननं न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला मुद्दाम तशी गाडी बांधली, पाच सेंट तिकीट, वेग ताशी जेमतेम दहा किलोमीटर. म्हणजे रोल डाऊनच. आम्ही ज्याच्यासाठी चार्जशीट द्यायचो त्याचा ह्या लोकांनी धंदा केला.

आमचा नंबर आला. चप्पल काढून बाजूला ठेवायला सांगितली. ही खालून ओरडली, "अहो, कवळी!" फलाटावरच्या सगळ्यांना ऐकू गेलं. कवळी रुमालात गुंडाळून सूनबाईच्या पर्समध्ये गेली. खांद्यावरून दांडा खाली आला, पोरानं तो ओढून पाहिला, पट्टा लावला, मी तो परत ओढून पाहिला. मग पायाखालची फरशी सरकली.

साखळीनं गाडी उचलली. खालून कट-कट-कट आवाज, आणि त्या आवाजानं मला एकदम बरं वाटलं. चढावर गाडी मागं घसरू नये म्हणून खिट्ट्या असतात, त्या दात्यांवरून पडत जातात. साखळी तुटली तरी गाडी तिथंच अडकणार. आमचे गुटकेच ते. नातीला ओरडून सांगितलं. ती म्हणाली, "नाना, गप ना भो!" कवळीशिवाय मी काय बोललो ते तिला कळलंही नसेल.

वर पोचल्यावर आवाज थांबला. तो क्षण वाईट. अनवाणी तळव्यांना चाळीस मीटरवरचा वारा लागत होता. पायाखाली काही नाही. मुक्ताईच्या यात्रेतला पाळणा वरून खाली येताना पोटात गोळा येतो, तो गोळा मला माहीत होता. हा तो नव्हता. पाळणा ओढून खाली आणतो. इथं आपल्याला सोडलं.

पुढचं सांगता येत नाही, कारण मी डोळे मिटले होते. "माय वं!" असं मी ओरडलो म्हणे, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. पण लूपमध्ये शिरलो तसे डोळे उघडले, कारण धक्का बसलाच नाही. मला तो अपेक्षित होता. सरळ रुळातून एकदम वळण दिलं तर चाकाची कड आपटते, म्हणून रेल्वेत वळण हळूहळू घट्ट करत नेतात, त्याला ट्रान्झिशन कर्व्ह म्हणतात. जुन्या काळी लूप पुरा गोल असायचा आणि माणसांच्या माना हिसकायच्या. आता तो थेंबाच्या आकाराचा, वर निमुळता, करतात. तळाशी अंग जड होतं, माथ्यावर हलकं. उलटं असताना मला समोर डोंगर दिसला, आभाळाच्या जागी. वळण घालणारा माणूस हुशार, एवढंच मनात आलं. भीती कुठं गेली ते पाहायला वेळ नव्हता.

ब्रेक लागले आणि फलाटाच्या अलीकडे थांबलो. समोर दुसरी गाडी उभी. सगळे वैतागले, मी खूश. पुढची जागा मोकळी झाल्याशिवाय मागची गाडी आत घ्यायची नाही. ब्लॉक! आपलाच ब्लॉक सिस्टीम!

उतरल्यावर पाय लटलट कापत होते आणि चप्पल उलटी घातली. पंधरा मिनिटं बाकावर बसून लिंबू सरबत घेतलं. मग नातीला म्हटलं, "मागच्या रांगेत बसून बघायचं का?" ती बघतच राहिली. पुढचे डबे उतारावर गेले की मागचा डबा माथ्यावरूनच खेचला जातो, म्हणजे पडणं मागं जास्त जोरात असणार. वीस मिनिटं रांग, आणि तसंच निघालं. तिसऱ्या वेळी हिनं हात धरून बसवलं. तेही बरोबरच होतं, कारण नंतर अंधारातल्या डीप स्पेसला मी गेलो आणि भरीत वरपर्यंत आलं. तिथं साखळी नाही, कटकट नाही, एकदम पुढं फेकतात. मला ते पटलं नाही.

परत येताना कल्याणहून रात्रीची गाडी मिळाली. कसाऱ्याला थांबली. मागं बँकर इंजिन लावत होते, त्याचा धक्का बसला तशी नात वरच्या बर्थवर जागी झाली.

"नाना, आता सोडणार?"

"नाही. आता वर ढकलणार."

"मग वरून?"

"आपल्याकडं सोडत नाहीत बाई. झोप."