कोहिमाचं टेनिस कोर्ट अखेर सपाट झालं

मंडळी, कोहिमाच्या १९४४ च्या लढाईचा डायोरामा, म्हणजे छोटा देखावा, करतेय ना, त्यातलं कोर्ट सपाट झालं! मागच्या वेळी क्लबहाउसच्या पायरीचे फोटो टाकले आणि त्यानंतर दीड महिना काहीच लिहिलं नाही. सगळा वेळ त्या एका बेसने खाल्ला.

१/७२ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या मापात, टेनिस कोर्ट ३३ सेंमी लांब आणि १५.२ सेंमी रुंद येतं. एप्रिल १९४४ मध्ये एवढ्याशा जागेच्या एका बाजूला ब्रिटिश-भारतीय खंदक होते, दुसऱ्या बाजूला जपानी, आणि मधून हातबॉम्ब उडत होते. डायोरामाचा जीवच तो आहे. डोंगरउतार थोडा चुकला तरी खपतो, पण कोर्टाच्या आखलेल्या रेघा इंचभरही वाकून चालत नाहीत.

आणि माझ्या रेघा वाकल्या. सहा एमएमच्या एमडीएफवर (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) डोंगरउताराच्या फोमच्या पायऱ्या चिकटवून झाल्या, कोर्टावर फेव्हिकॉल-पाणी-माती फासली आणि रात्री झोपले. सकाळी पट्टी ठेवली तर कोर्टाच्या मधोमध पट्टीखालून चार एमएमचा उजेड दिसत होता. वजनं ठेवली, मागून ओलं फडकं लावलं, पंख्याखाली ठेवलं. बोर्ड दोन दिवस सरळ राहायचा आणि पावसाची झड आली की पुन्हा बाक. ज्या दुकानातून बोर्ड घेतला तिथे "वॉटरप्रूफ आहे" असं छातीठोक सांगितलं होतं. कापलेली कड पाण्यात बुडवून बघा, टोस्टसारखी फुगते.

उत्तर शेजारच्या सुतारकाकांकडे मिळालं. त्यांनी बोर्ड उलटा केला आणि म्हणाले, "ताई, वरून एवढं लावलंय आणि खालून कोरा ठेवलाय. वाकणारच. कपाटाच्या दाराला आम्ही आतूनही सनमायका उगीच नाही मारत." मी वर्षानुवर्षं फक्त वरची बाजू सील करत होते!

आता बेस बारा एमएमचा मरीन प्लाय आहे. दोन्ही बाजूंना आणि कडांना वार्निशचे तीन-तीन हात दिले आणि मगच वर काम सुरू केलं. पायऱ्या पातळ पात्याने अलगद सुटल्या, कोर्टाची माती मात्र गेली. नवी माती चाळून घेतली आणि पाण्याऐवजी मॅट वार्निशवर भुरभुरवली. तीन आठवडे झाले, त्यातले दोन धो धो पावसाचे, तरी पट्टीखाली उजेड नाही. ड्रायब्रश करताना, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने रंग घासताना, चुन्याच्या रेघेचा एक तुटका तुकडा चिखलातून वर आला, तो बघत मी बराच वेळ बसले होते.

स्टॅटिक ग्रासचं (मॉडेलवर लावायच्या नकली गवताचं) पाकीट परत ठेवलंय. मे महिन्यापर्यंत तिथे गवत उरलं नव्हतं, झाडांचे नुसते बुंधे होते. त्या बुंध्यांवर हवाई रसदीची पॅराशूट अडकलेली असत. ती टिश्यू पेपर आणि पातळ फेव्हिकॉलने करणार आहे.

आता रणगाडा. १३ मेला १४९ रॉयल आर्मर्ड कोअर या ब्रिटिश रणगाडा रेजिमेंटचा ली हा रणगाडा वरच्या पायरीवरून घसरत कोर्टावर आला आणि त्याने जवळून जपानी बंकर फोडले, मागोमाग डॉर्सेट ही ब्रिटिश पायदळ बटालियन. मी तो उतारावर घसरताना दाखवणार होते, फोम तसाच कापलाय. पण हे लिहिताना लक्षात आलं की लीची ७५ एमएम तोफ बुरुजात नसते, ती हलच्या, म्हणजे खालच्या मुख्य सांगाड्याच्या, उजव्या कुशीत असते आणि थोडीशीच वळते. उतारावर ठेवला तर ती जमिनीकडेच रोखलेली दिसेल. म्हणजे रणगाडा कोर्टावर उतरलेला हवा, अख्खा नाकाने बंकरकडे वळलेला, आणि मागे उतारावर पट्ट्यांनी ओरबाडलेली माती. हेच जास्त चांगलं! बंकर दोन सेंमी डावीकडे सरकवावा लागेल.

उरलेल्या एमडीएफचे छोटे तुकडे दोन्ही बाजूंनी सील करून ठेवलेत, ते मणिपूरमधल्या सांगशाकच्या लढाईच्या देखाव्यासाठी. २२ ते २६ मार्च १९४४ दरम्यान तिथे ५० व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर चौथी मराठा बटालियन लढली आणि कोहिमाकडे निघालेल्या जपानी ३१ व्या डिव्हिजनचे काही दिवस तिथेच गेले. कोहिमाला तयारीसाठी तेवढीच उसंत मिळाली. कोर्ट करून सांगशाक सोडणं मला पटत नाही. एक खंदक, चार जवान, बास.

१/७२ मध्ये ब्रेन गनवाले (हलक्या मशीनगनचे) भारतीय जवान कुणाकडे जास्तीचे असतील तर सांगा. बदल्यात माझ्याकडे न वापरलेला ग्रँटचा, म्हणजे लीच्याच ब्रिटिश आवृत्तीचा, बुरूज आहे.