त्याच्याकडे मत होतं, माझ्याकडे नोकरी

सप्टेंबर २००८. मी अमेरिकेत, जर्सी सिटीत, एच-१बी म्हणजे नोकरी असेपर्यंतच्या व्हिसावर, एका बँकेच्या प्रोजेक्टवर. १५ तारखेला लेहमन ब्रदर्स या बड्या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरी जाहीर केली आणि आमच्या मजल्यावर कुजबुज सुरू झाली: आता कुणाचा नंबर?

अर्थखातं सांभाळणाऱ्या हेन्री पॉल्सन यांनी बँकांच्या गळ्यातली बुडीत गृहकर्जं विकत घ्यायला ७०० अब्ज डॉलर मागितले. मसुदा तीन पानांचा! आपल्याकडे सोसायटीची एनओसी मिळवायला याहून जास्त कागद लागतात.

राष्ट्राध्यक्षपदाचं आणि संसदेचंही मतदान ४ नोव्हेंबरला होतं. आपल्याकडे निवडणूक लागली की आचारसंहिता येते, मोठ्या घोषणा थांबतात. इथे तसलं काही नाही. प्रचारही चालू आणि संसदही चालू. २४ तारखेला रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांनी प्रचार थांबवून वॉशिंग्टनला जायचं जाहीर केलं, डेमोक्रॅटिक उमेदवार ओबामांबरोबरची पहिली डिबेट पुढे ढकला म्हणाले. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी दोघांनाही व्हाइट हाउसमध्ये बोलावलं. जमत आलेला समझोता त्या बैठकीत पार विस्कटला. डिबेट मात्र २६ला ठरल्याप्रमाणे झालीच.

खरी गोची वेगळीच होती. प्रतिनिधिगृहाच्या, म्हणजे तिथल्या लोकसभेच्या, सगळ्या ४३५ जागांची निवडणूक दर दोन वर्षांनी असते. शेजारच्या डेस्कवरचा सहकारी, घराचे हप्ते नेमाने भरणारा, जेवता जेवता आपल्या खासदाराच्या ऑफिसला फोन लावायचा: "माझ्या करातून वॉल स्ट्रीटला पैसे दिलेत, तर माझं मत विसरा." बँकेतच काम करणारा माणूस! पण त्याचं चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आणि घाबरायचं काही मी थांबलो नाही.

सोमवारी, २९ला, प्रतिनिधिगृहात या ७०० अब्जांचं विधेयक २२८ विरुद्ध २०५ मतांनी पडलं. शेअर बाजाराचा निर्देशांक डाउ जोन्स ७७७ अंकांनी आपटला. ज्यांची जागा अटीतटीची, ते बहुतेक विरोधात गेले. निवृत्त होणाऱ्यांतल्या बहुतेकांनी होकार दिला. रिपब्लिकन नेत्यांनी खापर फोडलं डेमोक्रॅटिक सभापती नॅन्सी पेलोसींच्या भाषणावर. भाषण टोचलं म्हणून मतं फिरली म्हणे! मला नाही पटलं.

त्या रात्री घरी फोन केला. आई घटस्थापनेच्या गडबडीत. "तुझी बँक आहे ना रे?" एवढंच विचारलं तिने.

सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, मुदत सहा वर्षांची, एका वेळी तिसरा हिस्साच निवडणुकीला. तिथे १ ऑक्टोबरला विधेयक ७४-२५ने निघालं; मॅकेन आणि ओबामा दोघांनीही होकार दिला. जाता जाता ठेवींचा विमा एक लाखावरून अडीच लाख डॉलर झाला, कसल्या कसल्या करसवलती चिकटल्या, त्यात लहान मुलांचे लाकडी बाणसुद्धा! शुक्रवारी, ३ तारखेला, प्रतिनिधिगृहातही २६३-१७१ने मंजूर.

सोमवारी संध्याकाळी माझ्या सहकाऱ्याने आपल्या निवृत्तीच्या खात्यातला आकडा उघडून बघितला होता. शुक्रवारी त्याने कुठेच फोन लावला नाही.