सहा महिन्यांची लेखननोंद: ॲप, साखळी आणि मुलुंडची स्लो

मुंबईतील जुन्या पाणपोयांवर ऑनलाइन लेखमाला लिहायची, असे ठरवून मी २ जून रोजी पहिली ओळ टंकली. नोव्हेंबरअखेर त्याला सहा महिने होत आहेत. या काळात पाच ॲप वापरून झाली, त्यांतली दोनच फोनवर टिकली आणि अकरा लेख वाचकांपर्यंत पोहोचले. याच खटाटोपात असलेल्या मंडळींसाठी आकडे होते तसे मांडते आहे. त्यांतले काही मला फारसे शोभणारे नाहीत.

जूनमध्ये ९,३०० शब्द लिहून झाले आणि एक लेख प्रकाशित झाला. जुलैत शब्द १४,६०० वर गेले, लेख मात्र पुन्हा एकच. ऑगस्टमध्ये १२,१०० शब्द आणि लेख शून्य! या तीन महिन्यांत माझा सगळा भरवसा अशा एका ॲपवर होता, जे रोजचे शब्द मोजते आणि सलग किती दिवस लिहिले त्याची साखळी दाखवते. रोजचे लक्ष्य पाचशे शब्दांचे होते आणि ते ठरवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर इंग्रजी असावी, हे मला फार उशिरा उमगले. इंग्रजीत जिथे पाच-सहा सुटे शब्द लागतात, तिथे आपल्याकडे 'पाणपोईजवळच्यांनासुद्धा' या एका शब्दात काम भागते आणि मोजणी अर्थातच एकाचीच होते. मग माझ्या नकळत माझे लेखन बदलू लागले. जुलैअखेरीस एक मसुदा मैत्रिणीला वाचायला दिला, तेव्हा तिने विचारले, "अगं, तुझी शब्दयोगी अव्ययं हल्ली अशी सुटी का पडायला लागली आहेत?" पाहिले तर 'पाणपोई जवळ', 'स्टेशन समोर', 'पावसा मुळे' अशी रांगच लागली होती. शाळेत ज्याबद्दल लाल शाईच्या रेघा खाल्ल्या, तेच मी आता आकडा वाढावा म्हणून करत होते.

साखळीची गोष्ट याहून लाजिरवाणी आहे. एका रात्री अकरा वाजून बावन्न मिनिटांनी, दिवस वाया जाऊ नये म्हणून मी वाण्याची यादी टंकली, तूरडाळ ते काडेपेटी, आणि तरीही आकडा भरेना तेव्हा प्रत्येक वस्तूपुढे वजनेही अक्षरांत लिहिली. ॲपने अभिनंदन केले. ही साखळी ८६ दिवस टिकली. २७ ऑगस्टला, गणेश चतुर्थीच्या दिवशी, मी गावी होते. लिहिले होते, पण तिथे नेटवर्क नसल्याने नोंद तिसऱ्या दिवशी वर चढली आणि ॲपने लिहिल्याची तारीख न धरता पोहोचल्याची तारीख धरली. त्या दिवशी खरोखर वाईट वाटले, हे कबूल करते. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाबद्दल वाचले. त्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा माग काढला, तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागल्याचे दिसले, मात्र माणसागणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. आणि एखादा दिवस चुकल्याने फारसे काही बिघडले नाही. म्हणजे माझी सवय बहुधा लागून गेली होती आणि मी नाहक आकड्यासाठी हळहळत होते.

सप्टेंबरपासून शब्द मोजणे बंद केले आणि 'प्रकाशित' अशा एका रकान्याची वही घातली. सप्टेंबरमध्ये तीन, ऑक्टोबरमध्ये चार आणि नोव्हेंबरमध्ये दोन लेख झाले. मागाहून कुतूहलापोटी मोजले, तर सप्टेंबरचे शब्द ६,८०० भरले, म्हणजे जुलैच्या निम्म्याहूनही कमी.

वेळेच्या बाबतीत मी पोमोदोरो पद्धतीच्या टाइमरचे ॲपही काढून टाकले. ही पद्धत फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थिदशेत टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातील घड्याळावरून बसवली: पंचवीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती. सकाळची मुलुंड-सीएसएमटी स्लो पकडली आणि लेडीज डब्यात खिडकीजवळ जागा मिळाली, की कुर्ला येईपर्यंत साधारण तेवढाच वेळ मिळतो. कुर्ल्याला गर्दी आत आली की कोपर हलवणेही अवघड होते, तेव्हा विश्रांती आपोआपच घडते. दादरला डबा सैल झाला की मशीदला उतरेपर्यंत दुसरी, जरा तोकडी बैठक होते. पर्स मांडीवर, त्यावर फोन आणि उजवा अंगठा, एवढीच सामग्री. समोरच्या काकूंनी एकदा न राहवून विचारले, "कुणाला एवढं लांबलचक उत्तर देतेस गं रोज?"

गाडीत नेटवर्क येत-जात असल्याने मजकूर फोनमध्येच राहणे मला आवश्यक वाटते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका ॲपमध्ये, घरच्या लॅपटॉपवरील जुन्या प्रतीने फोनवरची ताजी प्रत झाकून टाकली आणि जवळपास नऊशे शब्द गेले. तेव्हापासून मी ऑब्सिडियन या टिपणांच्या ॲपमध्ये लिहिते, कारण तिथे प्रत्येक टिपण म्हणजे आपल्या फोल्डरमधली साधी मजकुराची फाइल असते. शीर्षके वगैरेंच्या खुणा जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मांडलेल्या मार्कडाउन या साध्या चिन्हपद्धतीच्या असतात. उद्या ॲप राहिले नाही, तरी फाइल कोणत्याही साध्या एडिटरमध्ये उघडता येईल.

मराठीत टिपणे ठेवणाऱ्यांसाठी एक सूचना जरा विस्ताराने देते, कारण यात माझा अख्खा रविवार गेला. 'ॲपोलो बंदर' शोधले तर सातपैकी तीनच टिपणे सापडत होती. चारांत मी तो शब्द लिहिलेला डोळ्यांना दिसत होता, पण शोध त्यांच्यापाशी थांबतच नव्हता. झाले होते असे, की फोनचा कीबोर्ड 'ॲ' हे एकसंध अक्षर उमटवत होता आणि लॅपटॉपवर मी 'अ' टंकून त्यावर चंद्र देत होते. दिसायला दोन्ही सारखेच, पण संगणकाच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी. एकसंध 'ॲ' युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला आणि जोडून केलेल्या रूपाशी तो समतुल्य मानलेला नाही, त्यामुळे शोध दोघांची सांगड घालत नाही. मी सगळ्या फाइलींमध्ये शोधून बदलले आणि लॅपटॉपचा कीबोर्डही बदलला. ज्यांनी 'ॲप' असाच टॅग केला असेल, त्यांनी तो एकदा दोन्ही प्रकारे टंकून शोधून पाहावा.

सध्या रखडलेला लेख मशीद बंदराजवळच्या केशवजी नाईक यांच्या १८७६ सालच्या पाणपोईचा आहे. रोज जवळच्या स्टेशनात उतरूनही त्याचे तीन मसुदे अर्धवट पडले आहेत. वर्णन प्रत्येक वेळी एकाच बाजूचे उतरते, कारण कामाच्या दिवशी हातगाड्या आणि पोत्यांच्या थप्प्यांमधून मला बाकीच्या बाजूंना निवांत उभे राहता आलेले नाही. येत्या रविवारी सकाळी लवकर जाऊन चारही बाजूंनी फिरून येणार आहे.