तीन पॅन गेल्यावर घेतलेला चौथा

अंडं फोडून पॅनमध्ये सोडलं आणि ते पडलं तिथेच धरून बसलं. उलथन्याने कड सोडवायला गेले तर वरचा अर्धा भाग उलथन्यावर आला आणि खालचा पॅनलाच चिकटून राहिला. पॅन घेऊन जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. चार वर्षांतला हा माझा तिसरा नॉनस्टिक पॅन. दर वेळी मी हेच म्हणत आले होते की स्वस्तातला होता, गेला. पण तिसरा काही स्वस्तातला नव्हता, म्हणून त्या दिवशी ठरवलं की आधीचे तिन्ही कशाने गेले हे कळल्याशिवाय चौथा घ्यायचा नाही.

पहिले दोन अजून माळ्यावरच होते. तिन्ही काढून ओट्यावर शेजारी शेजारी मांडले आणि मामेभावाला बोलावलं. दादाने बरीच वर्षं धातूवर लेप चढवण्याच्या कारखान्यात काम केलं आहे. आल्या आल्या त्याने पहिला पॅन ओट्यावर ठेवून बोटाने ढकलला, तर तो भोवऱ्यासारखा गरगर फिरला. बुडाला फूटपट्टी लावली तेव्हा मधला भाग खाली फुगलेला स्पष्ट दिसला.

"तापलेला पॅन नळाखाली धरत होतीस ना?" दादाने विचारलं. धरत होते. तो चर्र आवाज यायचा आणि मला वाटायचं, चिकटलेलं लवकर सुटेल.

त्या पॅनचं ॲल्युमिनियम दीड मिलिमीटरच्या आसपास होतं. इतका पातळ पत्रा एकदम गार झाला की आकसताना वाकतो. बूड वाकलं की पॅन शेगडीवर सपाट बसत नाही आणि आच सगळीकडे सारखी लागत नाही. शिवाय पातळ पत्र्यात उष्णता पसरायला जागा नसते, ज्वाळेच्या बरोबर वरचा भाग तेवढाच भाजत राहतो. माझ्या पॅनमध्ये बर्नरच्या आकाराचं एक करडं कडं उमटलं होतं, आणि लेप नेमका त्याच कड्यावरून गेला होता.

दुसऱ्या पॅनने मला चकित केलं. त्याचा लेप गेलाच नव्हता. नख फिरवलं तर पृष्ठभाग गुळगुळीत लागत होता, पण त्यावर पिवळट तपकिरी, चिकट पापुद्रा बसलेला होता. त्या दिवसांत मी फवाऱ्याच्या डब्यातलं तेल वापरायचे. अशा बहुतेक तेलांत लेसिथिन नावाचा पदार्थ मिसळलेला असतो. तो तापून पातळ वार्निशसारखा बसतो आणि साध्या साबणाने निघत नाही. खाण्याचा सोडा आणि कोमट पाणी कालवून, मऊ स्पंजने तीन दिवस थोडं थोडं घासलं, तर बराचसा पापुद्रा निघाला. पॅन अगदी नवा झाला नाही, पण वापरता येईल इतका सुधारला. चांगला पॅन मी गेला समजून माळ्यावर टाकला होता, याचं मनापासून वाईट वाटलं.

तिसरा सिरॅमिकचा. नॉनस्टिकच्या धुराबद्दल ऐकून घाबरून घेतलेला, आणि त्यातल्या त्यात महाग. पहिले दोन-तीन महिने त्याच्यावरून सगळं आरशावरून घसरावं तसं घसरायचं. सिरॅमिक म्हणतात तो लेप मुख्यतः सिलिकाचा असतो, त्यात नेहमीच्या नॉनस्टिक लेपातलं टेफ्लॉन नसतं. तो कडक असतो आणि जास्त उष्णता सोसतो. म्हणूनच मी तो बिनदिक्कत मोठ्या आचेवर वापरला. पण लेपाने उष्णता सोसली तरी त्यावरचं तेल सोसत नाही. ते जळून पृष्ठभागाच्या बारीक खाचांत बसतं आणि लेपाचा न चिकटण्याचा गुण संपत जातो. टेफ्लॉनच्या लेपापेक्षा हे सहसा लवकर होतं. ज्यांना टेफ्लॉन नकोच आहे त्यांनी सिरॅमिक जरूर घ्यावा, पण आच मध्यमच ठेवावी आणि तो लवकर बदलायची तयारी ठेवावी.

टेफ्लॉन धातूवर टिकतं तरी कसं, हे मी दादाला विचारलं, कारण मला ते कधी उमगलंच नव्हतं. ज्याला काहीच चिकटत नाही, ते स्वतः पॅनला कसं चिकटलं?

"अगं, ते चिकटत नाही, अडकतं," तो म्हणाला. आधी धातूवर बारीक कण जोरात मारून पृष्ठभाग खरखरीत करतात. त्यावर अस्तराचा थर देतात, मग वरचे थर, आणि भट्टीत चारशे अंशांच्या आसपास भाजतात. लेप त्या खरखरीत खाचांत धरून राहतो. सगळे थर मिळून जाडी मिलिमीटरच्या काही शतांशांइतकी. हे ऐकल्यावर तारेच्या घासणीकडे बघायची माझी नजरच बदलली. कल्हई गेली तर पुन्हा लावता येते, हा लेप घरी पुन्हा लावता येत नाही.

या पदार्थाचा शोधही मजेशीर आहे. १९३८ साली अमेरिकेत ड्युपॉन्टच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट शीतकरणासाठीच्या वायूंवर काम करत होते. एका नळकांड्यातून वायू येईना, पण वजनावरून ते रिकामं वाटत नव्हतं. कापून पाहिलं तर आत पांढरी, मेणचट भुकटी. तीच टेफ्लॉन. पुढे १९५४ मध्ये मार्क ग्रेगवार या फ्रेंच अभियंत्याने ती ॲल्युमिनियमवर बसवायची रीत शोधली आणि १९५६ मध्ये टेफाल कंपनी सुरू झाली. टेफ्लॉनमधलं टेफ आणि ॲल्युमिनियममधलं अल असं ते नाव. मला यातली वजनाची गोष्ट फार आवडली, कारण पुढे दुकानात मलाही वजनच सर्वांत उपयोगी पडलं.

त्याआधी आणखी एक प्रयोग केला. दादाकडे लांबून तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर होता. खिडक्या उघड्या ठेवून पहिला, पातळ पॅन रिकामाच मोठ्या आचेवर ठेवला. टेफ्लॉनच्या भांड्यांसाठी साधारण २६० अंश सेल्सिअस ही वरची मर्यादा मानतात. आमच्या शेगडीवर तो पॅन तीन मिनिटांच्या आतच तिथे पोहोचला आणि मी झटकन गॅस बंद केला. पॅन तापत ठेवून कांदा चिरायला बसणं ही माझी रोजची सवय होती. म्हणजे लेप मी रोज सकाळी भाजत होते. पॅनमध्ये चमचाभर तेल घालून मध्यम आचेवर तेच केलं, तर त्याच वेळात आकडा दोनशेच्याही खाली राहिला.

पाण्याच्या थेंबाची परीक्षाही मी चुकीची करत होते. थेंब टाकल्यावर तो मोत्यासारखा गोल होऊन पळाला की पॅन तापला, असं मी समजायचे. स्टीलच्या पॅनसाठी ती खूण चांगली आहे. पण थेंब असा पळायला लागतो तेव्हा पृष्ठभाग दोनशे अंशांच्या आसपास असतो, आणि नॉनस्टिकला इतक्या उष्णतेची गरजच नसते. थेंब पडल्याजागी चुरचुरून आटला की पुरे. लोणी वापरत असाल तर ते आणखी सोपं आहे. लोण्याचा फेस येऊन बसला की पॅन तयार, आणि लोणी तपकिरी होऊ लागलं की आच कमी करायची.

धुराच्या भीतीचंही मला नीट समजून घ्यायचं होतं. टेफ्लॉन २६० अंशांच्या वर गेलं की ते बिघडू लागतं, आणि साडेतीनशेच्या पुढे त्यातून निघणाऱ्या वाफांनी माणसाला फ्लूसारखा ताप येऊ शकतो. पक्ष्यांना तर त्या जीवघेण्या ठरतात, कारण त्यांची फुप्फुसं फार नाजूक असतात. घरात पिंजऱ्यातला पक्षी असेल तर मी स्वयंपाकघराजवळ नॉनस्टिक पॅन वापरणारच नाही, इतकं माझं मत पक्कं झालं. नेहमीच्या मध्यम आचेवर मात्र तो धोका उरत नाही. लेपाचा एखादा कण पोटात गेला तरी तो न पचता तसाच बाहेर पडतो.

खोक्यांवर 'पीएफओए-मुक्त' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, त्याचाही अर्थ तेव्हाच कळला. पीएफओए हे लेप बनवताना पूर्वी वापरलं जाणारं रसायन. ते निसर्गात आणि शरीरात फार काळ राहतं. २०१९ मध्ये त्याचा समावेश अशा टिकाऊ प्रदूषकांना आळा घालणाऱ्या स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय करारात झाला आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकलं. त्याचा खरा त्रास कारखान्यांच्या आसपासच्या पाण्याला आणि माणसांना झाला, आणि ते वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होते. पण पीएफओए-मुक्त म्हणजे टेफ्लॉनमुक्त नव्हे, ही गोष्ट खोक्यावर कुठेच लिहिलेली नसते. पीटीएफई हे टेफ्लॉनचंच रासायनिक नाव, त्यामुळे टेफ्लॉन टाळायचं असेल तर 'पीटीएफई-मुक्त' हे शब्द शोधावे लागतात.

एवढं कळल्यावर पिशवीत फूटपट्टी आणि लोहचुंबक घेऊन दुकानात गेले. विक्रेता लगेच म्हणाला, "ताई, हा पाच थरांचा आहे, ग्रॅनाइटचा." मी विचारलं, बुडाची जाडी किती मिलिमीटर? त्याने खोकं उलटसुलट करून पाहिलं आणि स्वतःच म्हणाला, "हे तर लिहिलेलंच नाही." मग त्याने मनापासून मदत केली, एकेक पॅन काढून माझ्या हातात दिला. ग्रॅनाइट, स्टोन, मार्बल ही नावं बहुतेक वेळा ठिपक्यांची असतात. खाली ॲल्युमिनियमच असतं आणि वर टेफ्लॉनचा किंवा सिरॅमिकचा लेप. लेपात खनिजांचे कडक कण मिसळलेले असले तर तो थोडा जास्त टिकतो, पण पॅन काही दगडाचा नसतो.

एकाच मापाचे दोन पॅन दोन हातांत धरले की फरक लगेच कळतो. जड तो जाड. २४ सेंटिमीटरचा माझा जुना पॅन घरच्या काट्यावर सव्वाचारशे ग्रॅम भरला होता. शेवटी घेतला तो पावणेनऊशे ग्रॅमचा, ओतीव ॲल्युमिनियमचा, बूड चार मिलिमीटर. ॲल्युमिनियममधून उष्णता स्टीलच्या कितीतरी पट वेगाने पसरते, म्हणून बूड जाड असलं की ज्वाळेचं कडं उमटत नाही. मापही दोनदा घेतलं. खोक्यावरचा आकडा वरच्या काठाचा असतो आणि अन्न शिजतं ते तळावर. २४ च्याच एका पॅनचा तळ १६ सेंटिमीटरचा निघाला, एकाचा १९ चा.

दांड्याचा स्क्रू घट्ट करता येतो का हे पाहिलं. आतून रिव्हेट, म्हणजे दांडा जोडणारे खिळे, नसलेला निवडला, कारण रिव्हेटच्या कडेला तेल साचून काळं होतं आणि ते काढताना लेप खरवडला जातो. फूटपट्टी बुडाला आडवी आणि उभी लावली. चुंबक लावून पाहिला, कारण पुढेमागे इंडक्शन घेतलं तर चुंबक धरणारं बूड लागेल. चुंबक धरणाऱ्या पॅनच्या बुडाखाली स्टीलची चकती बसवलेली होती, त्यामुळे वजन आणखी वाढलं.

किमतीचं म्हणाल तर सर्वांत स्वस्तच्या साधारण अडीचपट पडला. त्याच मापाचा आणखी दुप्पट महाग पॅनही तिथे होता, पण त्याचं बूड माझ्या निवडीइतकंच होतं आणि लेपही टेफ्लॉनचाच. जास्तीचे पैसे झाकणाला आणि काचेसारख्या चकाकीला जात होते. लेप कितीही महागाचा असला तरी झिजतोच, त्यामुळे पैसे धातूच्या जाडीला द्यावेत, असं माझं ठाम मत झालं. तीन पॅनचा संच सवलतीत मिळत होता, तोही घेतला नाही. नॉनस्टिक मला अंडी, मासे आणि पिठाच्या पातळ घावनासारख्या हळव्या कामांसाठी हवा होता. खरपूस भाजायला स्टील आणि बिडाची भांडी घरात होतीच, आणि मोठ्या आचेची कामं मी आता त्यांच्यावरच करते.

घरी आणल्यावर तो गरम पाण्याने धुतला, कोरडा केला आणि तेलाचं एक बोट फिरवलं. लाकडी उलथनं काढून ठेवलं. पॅन गार झाल्याशिवाय पाणी लावत नाही. डिशवॉशरमध्ये टाकत नाही, कारण त्याची पावडर तीव्र असते. कपाटात त्याच्यावर दुसरं भांडं ठेवायचं झालं तर मध्ये जुन्या टॉवेलचा तुकडा असतो. घरातल्यांना हे सगळं पटायला दोन आठवडे लागले. मुलीने एकदा स्टीलच्या चमच्याने काठ खरवडला, तो ओरखडा अजून दिसतो.

या गोष्टीला आता अडीच वर्षं झाली. मधोमध रुपयाएवढ्या भागात चमक कमी झाली आहे, तिथे थोडं जास्त तेल लागतं. बूड अजून सपाट आहे, बोटाने ढकललं तर पॅन फिरत नाही. आज सकाळी अंडं टाकलं, कड सुटेपर्यंत थांबले आणि पॅन नुसता हलवला, तर ते आपोआप सरकलं.