टाकीतला ऊस

सकाळी गाडी बंद पडली. २०११ची स्कूटर, तीन आठवडे पावसात उभी. मेस्त्रीनं टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून समोर धरलं. खाली वेगळा थर. "पाणी हाय बघा दादा. आता पेट्रोलात स्पिरिट असतंय, ते पाणी धरतंय."

म्हणजे इथेनॉल, उसापासूनही बनणारं अल्कोहोल. देशात पंपावर आता २० टक्के मिश्रण मिळतं. हे उद्दिष्ट आधी २०३० सालचं होतं, ते २०२५ वर ओढलं. कारण उघड आहे, आपलं ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून येतं. पण लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. म्हणजे हिशोबानं सहा-सात टक्के ॲव्हरेज गेलं. दर मात्र तोच!

तक्रार करत घरी आलो तर अप्पा हसायला लागले. "अरे, तुझ्या टाकीत आपलाच ऊस आहे की." खरंय. साखर कारखान्यात इथेनॉलची डिस्टिलरी सुरू झाल्यापासून उसाची बिलं लवकर येतात, असं ते म्हणतात. मात्र डिसेंबर २०२३मध्ये पाऊस कमी म्हणून केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली, तेव्हा हेच अप्पा आठवडाभर कुणाशी बोलले नव्हते.

मला खुपतं ते उसाला लागणारं पाणी. अरबांच्या तेलाऐवजी आपल्या विहिरीचा तळ? शेतात मोटर अजून चालू होती. अप्पांना हे बोललो नाही. टाकी धुण्याचे अडीचशे रुपये त्यांच्याकडूनच घेतले होते.